उशीर रस्त्यात होत नाही

रक्ताविषयी आम्ही मराठी माणसे बोलतो पुष्कळ आणि जाणतो फार थोडे. आमच्या भाषेत रक्त उसळते, रक्त आटते, रक्ताचे पाणी होते; नाती रक्ताची असतात आणि वैरेही रक्तानेच धुतली जातात. सोयरीक जुळवावयाची तर आम्ही सात पिढ्यांचे रक्त शोधून येतो. मात्र त्याच रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा, असे कोणी सुचवले की घरात एकदम कुजबुज सुरू होते. "उगाच कशाला नको ते शोधायचे?" हा आमचा पहिला प्रश्न. "जरा अशक्तपणा आहे, होईल बरे," हे आमचे पहिले निदान. आणि औषधाच्या दुकानातून आणलेली तांबड्या रंगाच्या टॉनिकाची बाटली हा आमचा पहिला उपचार!

या तिन्ही 'पहिल्या' गोष्टींविरुद्ध हा लेख आहे. दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी, रक्ताच्या कर्करोगाचा विषय काढणे औचित्याला सोडून आहे, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, रोगाला तिथी-वार कळत नाही. आणि सगळे घर एका जागी बसून एकच अंक आळीपाळीने वाचते असा प्रसंग वर्षातून एकदाच येतो. घरातल्या सर्वांनी मिळून ऐकण्याची गोष्ट दिवाळीत सांगावयाची नाही, तर केव्हा सांगावयाची?

उमरेडचे उदाहरण घेतो. उमरेड हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. बाहेरच्या लोकांना ते ठाऊक असते ते कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे; आणि वीज जाळणाऱ्या पण कोळसा कोठून येतो हे न विचारणाऱ्या शहरांना ते ठाऊक असावयास हवे ते तेथील कोळशाच्या खाणींमुळे. नागपूरपासून हे गाव जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे २०१९ साली रुळांच्या रुंदीकरणासाठी थांबली हे खरे, पण एस.टी. आहे, खाजगी गाड्या आहेत, रस्ता आहे. आणि त्या रस्त्याच्या टोकाला काय नाही? सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून आहे. राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मिहानात एम्स उभे राहिले आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. गडचिरोलीच्या आतल्या पाड्यावरचा माणूस "दवाखाना लांब आहे" म्हणाला तर त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते. उमरेडच्या माणसाला ते म्हणता येत नाही.

तरीही उमरेडचा, भिवापूरचा, कुहीचा रोगी नागपूरला पोचतो तेव्हा पुष्कळदा महिना-दोन महिने वाया गेलेले असतात. हा उशीर रस्त्यात होत नाही. तो घराच्या ओसरीवर होतो, औषधाच्या दुकानाच्या फळीवर होतो आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, दवाखान्याच्या टेबलावर होतो.

हा रोग आहे तरी काय, ते आधी पाहू. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ गर असतो. तेथे अहोरात्र रक्त तयार होत असते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात आणि सुमारे एकशेवीस दिवस जगतात. बिंबाणू, म्हणजे ज्यांना आता सगळे प्लेटलेट म्हणतात ते, रक्तस्राव थांबवतात आणि आठ-दहा दिवसांत संपतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. रोजची मर आणि रोजची भर असा हा व्यवहार चालतो. कधी एखाद्या पांढऱ्या पेशीत बिघाड होतो. ती परिपक्व होत नाही, मरत नाही, नुसती आपल्यासारख्या पेशी वाढवत सुटते. शेतात गाजरगवत माजावे आणि त्याने मूळ पिकाला जागाच ठेवू नये, तसे हाडाच्या आत घडते. हा ल्युकेमिया. असा बिघाड लसिकाग्रंथींत झाला तर लिम्फोमा, आणि प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या पेशींत झाला तर मायलोमा. 'ब्लड कॅन्सर' या एका नावाखाली अशी अनेक वेगवेगळी दुखणी मोडतात. त्यांचे स्वभाव वेगळे, औषधे वेगळी, भवितव्येही वेगळी. म्हणूनच "ब्लड कॅन्सर झाला म्हणे" एवढ्यावर जी माणसे पुढचे सगळे ठरवून मोकळी होतात, ती काहीच न जाणता निकाल देत असतात.

पीक मेल्यावर शेतात काय दिसते? तांबड्या पेशी घटल्या की मूल फिके पडते, चार पायऱ्या चढून धापा टाकते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप येतो आणि पुन्हा पुन्हा येतो. बिंबाणू घटले की हिरड्यांतून रक्त येते, नाक फुटते, मार न लागता अंगावर निळे-काळे डाग उठतात, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. मज्जेत दाटी झाली की हाडे दुखतात. मूल रात्री रडत उठते, लंगडते. फिकेपणा, ताप आणि रक्त येणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की अंदाज बांधत बसण्याचा काळ संपला, असे समजावे.

पण आम्ही अंदाजच बांधतो. आई लेकराला घेऊन दवाखान्यात येते, "पोराच्या अंगात रक्तच नाही जी, डॉक्टरसाहेब," म्हणते. तिचे निरीक्षण अगदी अचूक असते. चुकते ते पुढे. लोहाची गोळी, बाटलीतले टॉनिक, फार झाले तर सलाइन, आणि "बीट खाऊ घाला, डाळिंब द्या" हा सल्ला. रक्त का नाही, हे कोणी विचारत नाही. हौदात पाणी नसेल तर विहीर आटली, की पाइप फुटला, की कोणी वरच अडवले, हे आपण पाहतो ना? मग रक्ताच्या बाबतीत डोळे मिटून बादल्या ओतत बसण्याचे कारण काय?

या विदर्भात आणखी एक गुंता आहे. येथे सिकलसेलचा आजार घरोघरी ठाऊक आहे. त्यातही मूल फिके पडते, त्यातही सांधे-हाडे दुखतात. त्यामुळे "सिकलचेच असेल" असे म्हणून दुसऱ्या आजाराची वाटच बंद केली जाते. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती चांगलीच झाली. पण सिकलसेल हा तपासून सिद्ध करावयाचा आजार आहे, चेहऱ्यावरून ओळखण्याचा नव्हे. आणि ज्या रक्तातून सिकल तपासावयाचे, त्याच रक्ताच्या थेंबाची काचपट्टी पाहिली तर दुसरी शंकाही त्याच दिवशी उभी राहते किंवा मिटते.

पावसाळा संपता संपता डेंग्यूची लाट येते. त्या दिवसांत प्लेटलेट हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतो आणि पपईच्या पानांचा रस हे राष्ट्रीय पेय होते. डेंग्यूत बिंबाणू घटतात आणि आठवड्याभरात आपोआप वाढूही लागतात. श्रेय पपई घेऊन जाते. पण ज्या मुलाचे बिंबाणू दहा-बारा दिवसांनीही वाढत नाहीत, ज्याचा फिकेपणा वाढतच जातो, त्याला तोच रस आणखी पंधरा दिवस पाजणे याला काय म्हणावे? प्रेमापोटी केलेला निष्काळजीपणा, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. मुलाचे सांधे दुखतात, ताप आहे. कोणी तरी स्टेरॉइडच्या गोळ्या देतो. दोन दिवसांत ताप उतरतो, मूल हसू-खेळू लागते. डॉक्टरच्या हाताला गुण आहे अशी ख्याती होते. वस्तुस्थिती अशी की स्टेरॉइड हे या रोगावरील खऱ्या उपचारातलेच एक औषध आहे. ते एकटे आणि अर्धवट दिले की रोग तात्पुरता दबतो, काचपट्टीवर आणि मज्जेतही नीट दिसेनासा होतो, आणि पुढे उफाळून येतो तेव्हा त्याला आवरणे अवघड जाते. निदानापूर्वी दिलेले स्टेरॉइड हे पुरावा पुसून टाकणे आहे. दुकानाच्या फळीवरून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या या गोळ्यांविरुद्ध गावात मोर्चा का निघत नाही, याचे मला नवल वाटते.

चौथा प्रकार मानेतल्या गाठीचा. आमच्याकडे मानेत गाठ म्हणजे क्षय, हे समीकरण पाठ झालेले आहे. क्षय आपल्याकडे भरपूर आहे, हे खरे. पण गाठीचा तुकडा न तपासता सहा सहा महिने क्षयाची औषधे देणे आणि गाठ कमी होत नाही तरी देत राहणे हा वैद्यकीचा कोणता प्रकार? लिम्फोमाची गाठही अशीच असते, बहुधा न दुखणारी. सोबत रात्री कपडे भिजवणारा घाम येतो, वजन घटते. येथे रक्ताची तपासणी निर्दोष आली तरी सुटका नाही. सुईने पाणी काढूनही पुष्कळदा भागत नाही. गाठच काढून तपासावी लागते. आणि पाचवा प्रकार म्हाताऱ्यांचा. साठी उलटलेल्या माणसाची कंबर मोडून येते, अशक्तपणा वाढतो, मूत्रपिंडे थकतात. आम्ही "वात झाला" म्हणून तेल चोळतो. वयाला दोष दिला की कोणालाच दोष द्यावा लागत नाही! तो मायलोमा निघाला तर तोवर मणके खचलेले असतात.

यावर हमखास एक आक्षेप येतो. "म्हणजे प्रत्येक तापाला आम्ही ब्लड कॅन्सर समजावयाचे काय? तालुक्याचा डॉक्टर दिवसाला शंभर रोगी पाहतो. तो कोठवर पुरा पडणार?" आक्षेप खरा आहे, आणि त्या डॉक्टरचे कष्ट मला कमी लेखावयाचे नाहीत. प्रत्येक तापाला घाबरू नये, हे तर मीही म्हणतो. पण दोन आठवडे न हटणारा ताप. फिकेपणाबरोबर निळे डाग किंवा रक्त येणे. महिनाभर न जिरणारी गाठ. डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी पानथरी. रात्री उठवणारी हाडांची दुखणी. उतारवयात पाठदुखीबरोबर घटलेले रक्त, एवढ्या मोजक्या खुणा तरी कागदावर लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावता येतील ना? यांपैकी एक जरी असेल तर टॉनिकाआधी हिमोग्राम, असा साधा नियम आहे. त्याला लागतात काही शे रुपये आणि अर्धा दिवस. मात्र हिमोग्रामच्या यंत्रावर विसंबून राहू नये. यंत्र पेशी मोजते. अपक्व पेशी ओळखण्यासाठी काचपट्टीवर जाणत्या डॉक्टरचा डोळा फिरावा लागतो. "स्लाइड कोणी पाहिली का?" एवढा प्रश्न रोग्याच्या नातेवाइकाने विचारावयास शिकावे. तो उद्धटपणा नाही.

शंका आली की मज्जेची तपासणी करतात. तिच्याविषयी आमच्या लोकांत जी भीती आहे तिला सीमा नाही. "पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा होतो," हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या तोंडून ऐकले आहे. मज्जा काढतात ती कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून, जागा बधिर करून. थोडा वेळ दुखते, आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मुलांच्या एका प्रकारच्या ल्युकेमियात मेंदूभोवतीच्या पाण्यात औषध सोडण्यासाठी पाठीत सुई घालतात, तीही लुळेपणा आणण्यासाठी नव्हे, तर तेथे दडणारा रोग मारण्यासाठी. मज्जेवरून आणि पेशींच्या इतर चाचण्यांवरून रोगाची नेमकी जात ठरते, आणि जातीप्रमाणे औषध ठरते. माणसांच्या जाती पाहण्यात आम्ही एवढे निष्णात. जेथे जात पाहिल्यावाचून चालत नाही तेथे मात्र पाहू देत नाही!

आता मुख्य प्रश्न. निदान होऊन तरी उपयोग काय? ब्लड कॅन्सर म्हणजे मरण, हे तर सिनेमानेच शिकवले आहे. १९७१ साली 'आनंद' आला, १९७८ साली 'अखियों के झरोखों से' आला. सुंदर, हसरी, गोड माणसे पडद्यावर या रोगाने गेली आणि सारा देश रडला. कलाकृतींविषयी तक्रार नाही. त्या त्या काळात ते चित्र खोटेही नव्हते. तक्रार ही की त्यानंतर औषधशास्त्र कोठल्या कोठे गेले आणि आमचे डोळे अजून त्याच तिकिटावर ओले होत आहेत.

प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. आणि गंमत अशी की या कथेचा एक धागा आमच्या मुंबईतच सापडतो. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. कापडगिरण्यांतल्या गरोदर बायका रक्तक्षयाने मरत होत्या. तिने टॉनिक वाटत न बसता त्यांचे रक्त तपासले, अन्न तपासले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय हटतो हे १९३१ साली जगापुढे मांडले. त्यातले द्रव्य म्हणजेच आज प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळणारे फॉलिक ॲसिड. पुढे बोस्टनच्या सिडनी फार्बरने तेच द्रव्य ल्युकेमियाच्या मुलांना दिले, तर रोग उलट भडकलासा दिसला! रक्त वाढवणारे द्रव्य या रोगाला खत ठरते, हे पाहून त्याने उलटी वाट धरली: फॉलिक ॲसिडला अडवणारे औषध शोधावे. ते करून दिले आपल्या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने. १९४८ साली फार्बरने सोळा मुलांची हकीकत छापली. त्यांतल्या दहांचा रोग काही काळ हटला होता. काही काळच, पण हा रोग हटू शकतो हे त्या दिवशी ठरले. गरोदर स्त्रीने फॉलिक ॲसिडची गोळी घेतलीच पाहिजे, याविषयी गैरसमज नसावा. माझा मुद्दा इतकाच की, रक्त पाहिल्यावाचून "रक्त वाढवण्याचा" उद्योग किती आंधळा असू शकतो, याचा धडा या रोगाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

नंतरची पाने भराभर उलटली गेली. आमच्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन निघाले आणि १९६३ पासून अमेरिकेत वापरात आले. (म्हणून कोणी सदाफुलीची फुले चावून खाऊ नयेत, शेकडो किलो वाळल्या पानांतून ते औषध अगदी चिमूटभर निघते, आणि बाकीचे विषारी असते.) अशी चार-सहा औषधे ठरलेल्या क्रमाने दोन-अडीच वर्षे दिली की मुलांचा सर्वांत नेहमीचा ल्युकेमिया प्रगत देशांत दहांपैकी जवळजवळ नऊ मुलांत कायमचा बरा होतो; आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांतही निम्म्याहून पुष्कळ अधिक मुले बरी होतात. आमचा आकडा मागे राहतो त्याच्या मोठ्या कारणांपैकी दोन म्हणजे उशिरा येणे आणि उपचार अर्ध्यावर सोडणे. एक जात अशी आहे की तिच्यात पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने माणूस दगावतो. पण ते दिवस निभावले तर अ जीवनसत्त्वाच्या कुळातले एक औषध आणि शुद्ध केलेला सोमल यांनी दहांतले नऊ रोगी वाचतात. तो सोमल बाजारातल्या पुडीतला नव्हे, हे सांगावयास नकोच.

आणि पानथरी वाढवणारा तो जुनाट ल्युकेमिया? १९६० साली फिलाडेल्फियात त्याच्या पेशींत एक तोकडे गुणसूत्र सापडले, आणि २००१ साली त्याच बिघाडावर बोट ठेवणारी इमॅटिनिबची गोळी आली. रोज गोळी घ्यावयाची आणि कामाला जावयाचे, इतका हा रोग माणसाळला. त्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता. नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, आणि आठ-दहा हजारांत मिळणाऱ्या देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला. पुढे ती आणखी स्वस्त झाली. गरिबांच्या बाजूने लागलेला एवढा मोठा निकाल विरळाच. पण बरे वाटू लागले की आपल्या मनानेच गोळी बंद करणारे रोगी आहेत, त्यांना कोणते न्यायालय वाचवणार?

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी, स्वतः पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून, भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. रोगी होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी. मज्जा तिच्या भावंडाची. आणि पवईच्या आय.आय.टी.ने व टाटा मेमोरियलने मिळून रोग्याच्याच पांढऱ्या पेशींना शिकवून रोगावर सोडण्याची विद्या येथे घडवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवाना मिळाला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार येथे सुमारे एक दशांश खर्चात होतो. तरीही तो लाखांतच जातो, आणि सगळ्यांना लागूही पडत नाही. मोठ्या माणसांचे काही तीव्र ल्युकेमिया आजही हट्टी आहेत. सगळे बरे होतात असे मी म्हणत नाही. कोण बरा होईल हे काचपट्टी न पाहता ओसरीवर बसून ठरवू नका, एवढेच म्हणतो.

"पण पैसा?" होय, पैसा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत सोय आहे. एस.टी.च्या भाड्यात कर्करुग्णाला सवलत आहे. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. संकोच सोडून पहिल्या दिवशीच त्याची पायरी चढावी. तरीही औषधाबाहेरचा खर्च माणसाला खातो: नागपुरात खोली, रोजचे जेवण, बुडालेली मजुरी. येथेच घरे उपचार सोडतात. म्हणून माझी पहिली मागणी: तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रोजच्या रोज हिमोग्राम व्हावा, काचपट्टी डॉक्टरच्या नजरेखालून जावी, आणि शंका येताच त्याच दिवशी नागपूरला फोन व्हावा. दुसरी: एकदा उपचार मार्गी लागला की मधल्या तपासण्या उमरेडलाच व्हाव्यात, रक्ताचा आकडा पाहण्यासाठी आजारी लेकराला दर खेपेस नागपूरची वारी नको. आणि तिसरी उमरेडच्या खाणींच्या मालकाकडे. कोल इंडियाने २०१७ पासून थॅलेसेमियाच्या आणि पुढे अप्लास्टिक अनीमियाच्या रोग्यांना मज्जारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत देण्याची योजना चालवली आहे. स्तुत्य आहे. मग त्याच मज्जारोपणाची गरज असलेल्या ल्युकेमियाच्या मुलाला हे दार उघडावयास काय हरकत आहे? ज्या भूमीच्या पोटातून इतकी वर्षे कोळसा काढला, त्या भूमीवरच्या लेकरांच्या हाडांच्या पोटातले दुखणे परके कसे?

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्या देशातील कर्करोग रुग्णालयांच्या नोंदींत मुलींची संख्या असावयास हवी त्याहून कमी दिसते. रोग मुलींना सोडत असेल म्हणून नव्हे. मुलगे जितक्या लगबगीने आणले जातात तितक्या लगबगीने मुली आणल्या जात नाहीत म्हणून. आणल्या तरी "पुढे लग्न कसे होईल" म्हणून रोगाचे नाव लपवले जाते, नाव लपवण्यासाठी उपचार लपवावे लागतात, आणि लपवलेले उपचार मध्येच सुटतात. हा रोग संसर्गाने पसरत नाही, पापाने होत नाही. हिरोशिमाच्या किरणोत्सर्गाने तो वाढला, बेंझीनसारख्या रसायनाने तो होऊ शकतो. बहुतेकांत कारण सापडतच नाही. बऱ्या झालेल्या मुली शिकतात, लग्ने करतात, आया होतात. त्यांना जगू दिले, तर.

तेव्हा यंदाच्या भाऊबिजेला ओवाळणीच्या तबकात काय पडावे, हे वाचकांनीच ठरवावे. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. रक्तगट एकच असावा लागत नाही. उलट मज्जा रुजली की रोग्याचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो. घरात जुळली नाही तर अनोळखी दात्याचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नाव नोंदवण्याइतकेच तरुणांना करावयाचे असते. सात पिढ्यांचे रक्त तपासणाऱ्या आमच्या अभिमानाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. आणि ज्यांना एवढेही जमत नसेल त्यांनी एक करावे. दिवाळीच्या सुटीत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत, रक्तपेढ्या कोरड्या पडतात. पिशवीतले बिंबाणू पाचच दिवस टिकतात, आणि वॉर्डातल्या मुलांना ते सणासुदीलाही लागतातच. पाडव्याच्या सकाळी फराळ करून निघावे आणि रक्त देऊन यावे. उमरेडहून नागपूर पंचेचाळीस किलोमीटर आहे. तेवढ्या अंतराला उशीर लागत नाही.